थंडी मोजणारा हात

ट्रक पावणेसातला आला. सरोवराकडचं धुकं
अजून रस्त्यावर लोळत होतं.
ट्रकच्या पाठीवर नऊ भिंती, उभ्या, पट्ट्यांनी आवळलेल्या,
खिडक्यांच्या जागा आधीच सोडलेल्या.
घर म्हणावं असं खाली काही नव्हतं.
एक खड्डा, खड्ड्यात धुतलेली खडी,
आणि खडीवर उकिडवा बसलेला
व्हायनो लाहटी, वय एक्क्याऐंशी,
स्वतःची लेव्हल पट्टी घेऊन.

घर त्याच्या नातीचं.
हा गावातला शेवटचा गवंडी.
चाळीस वर्षं ब्लॉकची तळघरं रचली त्यानं,
एकेक ब्लॉक, एकेक थापी,
एका तळघराला तीन आठवडे.
आणि दर जानेवारीत लोक बोलवायचे:
भिंतीनं पोट काढलंय,
कपाटामागे बुरशी,
बटाटे गोठले.
तो जायचा. हातमोजा काढायचा,
नाडी पाहावी तसा तळहात भिंतीला लावायचा
आणि सांगायचा, थंडी कुठून शिरतेय, किती फुटांवर.
चूक त्याची नव्हती.
मिशिगनच्या या वरच्या टोकाला जमीन पाच फूट गोठते,
गोठलेली माती फुगते,
आणि फुगलेली माती
कुणाचा अनुभव विचारत नाही.

खडी त्यानं चारही कोपऱ्यांत तपासली.
मग आडवी. मग तिरपी.
बुडबुडा दर वेळी मधोमध.
इतका हिरमुसलेला माणूस
मी सपाट जमिनीवर पाहिला नव्हता.

"एवढीशी जाडी?" पहिली भिंत क्रेनवर झुलताना तो म्हणाला.
"आत फोम आहे," फोरमन ओरडला,
"ऊब बाहेर जात नाही!"
"आम्ही पाचोळा रचायचो घराभोवती,
बर्फ पडायच्या आत," म्हातारा म्हणाला,
पण क्रेनच्या आवाजात ते फक्त मला ऐकू आलं.

मी सांधे भरते. टोळीतलं सगळ्यात चिकट काम.
एक भिंत दुसरीला टेकायच्या आत
कडेला काळ्या सीलंटची जाड रेघ ओढायची,
अंगठ्याएवढी, कुठेही न तुटता.
माझ्या कामाला कुणी छान म्हणत नाही.
फसलं, तरच माझं नाव निघतं.

साडेअकरापर्यंत आठ भिंती उभ्या,
बोल्ट आवळलेले.
त्याची तीन आठवड्यांची तीन आठवडे
बादलीवर बसून बघत होती.

नववी उचलली तेव्हा मी नळी त्याच्या हातात दिली.
का दिली, ते विचारू नका.
फोरमननं मान दुसरीकडे वळवली.
म्हाताऱ्यानं रेघ ओढली, वरून खाली,
ओठ दाताखाली धरून.
हात थरथरत होता. रेघ दोन जागी बारीक झाली,
एका जागी जवळजवळ संपली.
भिंत डोक्यावर आली. तो वर बघायला लागला,
सगळेच बघतात,
तेवढ्यात मी त्याच्या रेघेशेजारी
माझी एक रेघ ओढून घेतली.

भिंत बसली. सांधा मिटला.
आता आत काय आहे ते कुणालाच दिसणार नाही.

माती लगेच लोटत नाहीत.
तळाची फरशी, वरचे वासे,
दोन्हींनी भिंतींना धरलं की मगच.
तोवर त्या नुसत्या उभ्या, दोन्ही बाजूंनी उघड्या,
संध्याकाळी घरी जाताना मागे वळून बघावं अशा.

जानेवारीत उणे सव्वीस होतं.
मला कुणी बोलावलं नव्हतं.
या धंद्यात न बोलावणं म्हणजे शाबासकी,
पण मला झोप लागेना, म्हणून गेले.
नातीनं कॉफी ओतली, म्हणाली, आजोबा खाली आहेत,
रोजच असतात.

तो नवव्या सांध्याशी उभा होता.
हातमोजा खिशात,
तळहात भिंतीला.
बराच वेळ.
"काय म्हणते?" मी विचारलं.
"काही नाही," तो म्हणाला,
तक्रार केल्यासारखा.

मग सरकून त्यानं मला जागा दिली.
मीही हात लावला.
दोन रेघांतली कोणती थंडी अडवतेय
ते हाताला कळत नव्हतं.